गुप्त कामगिरीवर गेलेल्या दिवंगत ब्रदरचा सन्मान करायचाय, पण कागदावर काहीच दिसत नाही, काय करावं?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. नंतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. तू अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत शिकतोस, फ्रॅटर्निटीत (मुलांचा बंधुसंघ, सभासद एकमेकांना 'ब्रदर' म्हणतात) आहेस आणि यंदा चॅप्टरचा, म्हणजे तिथल्या शाखेचा, हिस्टोरियन आहेस. १९६७ च्या बॅचचे एक ॲलम्नस, म्हणजे माजी सभासद, गेल्या वर्षी वारले. आयुष्यभर हायस्कूलमधे गणित शिकवलं, दर होमकमिंगला (माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्याला) चॅप्टर हाउसवर यायचे, आरओटीसीतून (कॉलेजातलं सैनिकी अधिकारी प्रशिक्षण) लेफ्टनंट होऊन १९६९-७० मधे व्हिएतनामला गेले होते एवढंच सगळ्यांना माहीत होतं. अंत्यविधीला आलेल्या त्यांच्या एका जुन्या साथीदाराने सांगितलं की ते 'सॉग' या गुप्त युनिटमधे होते, लाओसमधे उतरले होते, सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक मिळालं होतं, आणि नंतर काही काळ सीआयएचंही काम केलं. आता ॲलम्नी बोर्डाला ऑक्टोबरच्या होमकमिंगला पितळी पाटी लावायचीय आणि त्यांच्या नावाने स्कॉलरशिप सुरू करायचीय. पण त्यांच्या मुलीकडे जो डीडी-२१४, म्हणजे सैन्यातून सुटतानाचा दाखला, आहे त्याच्यावर यातलं काहीच नाही, आणि तू विचारतोयस की जे गुप्तच होतं ते सिद्ध कसं करायचं, आणि नाही झालं सिद्ध तर सन्मान करायचा की नाही.

मी मूळची साताऱ्याकडची, इकडे बरीच वर्षं विद्यापीठाच्या आर्काइव्जमधे काम केलं आणि त्यातला मोठा भाग हेच करण्यात गेला: माजी विद्यार्थ्यांच्या सैन्यातल्या नोंदी शोधायच्या, कधी घरच्यांसाठी, कधी चॅप्टर्ससाठी. तू कॉलेजातला आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

पहिली गोष्ट, तुझ्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. ते सैन्यात होते का, हा एक, आणि त्याचं उत्तर तुझ्याकडे आहे, डीडी-२१४ म्हणजे तेच. ते सॉगमधे होते का, हा दुसरा, याचं उत्तर बहुतेक वेळा कागदावर मिळतं. तिथे जाऊन त्यांनी नेमकं काय केलं, हा तिसरा, आणि याचं उत्तर कधी मिळतं, कधी अर्धवट मिळतं, कधी मिळतच नाही. बोर्डवाले तिसऱ्या प्रश्नावर अडून बसलेत म्हणून सगळंच अडलंय असं वाटतंय. सन्मान करायचा की नाही हा तर प्रश्नच नाही, करायचाच. पितळेवर काय कोरायचं एवढंच ठरवायचंय.

आता लोकांचा एक मोठा गैरसमज असतो की काम गुप्त म्हणजे कागद नाही. असं नसतं रे. सैन्याला माणसाचा पगार काढावा लागतो, विमानाने पाठवावं लागतं, आजारी पडला तर दवाखान्यात नोंद करावी लागते, बढती द्यावी लागते, आणि या प्रत्येकाचा कागद होतो. गुप्त असते ती मोहीम: कुठे गेले, कुणाबरोबर, कशासाठी. माणूस सैन्यात होता आणि अमुक तारखेला अमुक तुकडीत होता, हे सहसा गुप्त नसतं, फार तर तुकडीचं नाव असं लिहिलेलं असतं की बाहेरच्याला काही कळू नये. त्यामुळे "सगळी फाइलच क्लासिफाइड आहे" असं कुणी म्हणालं की मी सावध होते, खोटं बोलतोय म्हणून नाही, तर बहुतेकदा त्याने फाइल मागवलेलीच नसते म्हणून.

सॉगचं बघ. पूर्ण नाव मिलिटरी असिस्टन्स कमांड व्हिएतनाम, स्टडीज अँड ऑब्झर्व्हेशन्स ग्रुप. नावावरून वाटावं की एखाद्या ऑफिसात बसून अहवाल लिहिणारी मंडळी, आणि तसं वाटावं म्हणूनच ते नाव ठेवलेलं. २४ जानेवारी १९६४ ला हे युनिट उभं राहिलं आणि ३० एप्रिल १९७२ पर्यंत चाललं. लाओस, कंबोडिया आणि उत्तर व्हिएतनाममधे, म्हणजे जिथे अमेरिकन सैन्य अधिकृतपणे नव्हतंच अशा ठिकाणी, छोट्या छोट्या टोळ्या उतरवायच्या, हो चि मिन्ह ट्रेलवर (उत्तर व्हिएतनामच्या रसदीच्या वाटेवर) नजर ठेवायची, पडलेल्या वैमानिकांना शोधायचं, कैदी पकडून आणायचे. टोळीत दोन-तीन अमेरिकन आणि बाकी डोंगरी मोंतान्यार्ड किंवा नुंग असे स्थानिक लढवय्ये. अंगावर ओळखपत्र नाही, गणवेशावर खूण नाही, पकडला गेलास तर सरकार ओळख देणार नाही. जाण्याआधी गप्प राहण्याच्या करारावर सह्या. यातले स्पेशल फोर्सेसचे जे लोक होते ते कागदोपत्री ५ व्या स्पेशल फोर्सेस ग्रुपमधे दाखवले जायचे. म्हणून तुझ्याकडच्या डीडी-२१४ वर सॉग हा शब्द नसणं हे सॉगमधे नसल्याचा पुरावा नाही. (आणि असल्याचाही नाही, हे बोर्डाला नीट सांग.) शिवाय डीडी-२१४ हा सेवेतून मोकळं होतानाचा सारांश असतो, त्यात शेवटची नेमणूक असते. माणूस व्हिएतनामहून परत येऊन सहा महिने अमेरिकेतल्या एखाद्या तळावर बसला आणि मग सुटला, तर तिथे त्या तळाचं नाव येतं.

मग कागद कुठे आहे? सेंट लुइसला. नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरमधे त्यांची पूर्ण फाइल असणार आणि ती मागवण्याचा फॉर्म म्हणजे स्टँडर्ड फॉर्म १८०, ऑनलाइनही करता येतो. इथे कोण अर्ज करतंय यावर सगळं अवलंबून आहे. सैन्यातून सुटून ६२ वर्षं झाली की फाइल सगळ्यांना खुली होते. तुझे ॲलम्नस १९७१ मधे मोकळे झाले असं तू लिहिलंयस, म्हणजे ते २०३३ वर गेलं. तोपर्यंत पूर्ण फाइल फक्त जवळच्या नातेवाइकांना मिळते आणि जवळचे म्हणजे त्यांच्या हिशेबाने पुनर्विवाह न केलेली बायको किंवा नवरा, आई-वडील, मुलं, सख्खी भावंडं. पुतण्या, नातू, फ्रॅटर्निटी ब्रदर यात बसत नाहीत. तू स्वतः अर्ज केलास तरी माहितीच्या अधिकाराखाली काही गोष्टी मिळतात: हुद्दा, सेवेच्या तारखा, नेमणुका आणि त्या कुठल्या भागात होत्या, सैन्यातलं प्रशिक्षण, पदकं. पाटीसाठी एवढंही पुष्कळदा पुरतं. पण मुलगी हयात आहे, तुमच्याशी बोलते आहे, तर अर्ज तिनेच करावा, मृत्यूचा दाखला किंवा छापून आलेली ऑबिच्युअरी जोडावी आणि "पूर्ण फाइलची प्रत" असं स्पष्ट लिहावं, नाहीतर परत डीडी-२१४ चीच प्रत हातात येते.

तुझ्या बोर्डातल्या एकांनी म्हटलंय ना की "फाइल आगीत जळाली असेल", त्याचंही उत्तर देते. आग खरी आहे. १२ जुलै १९७३ ला सेंट लुइसच्या इमारतीत लागली आणि साधारण १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली गेल्या. पण कुठल्या गेल्या ते बघ: आर्मीतून १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात सुटलेल्यांच्या जवळजवळ ८० टक्के, आणि एअर फोर्सच्या १९४७ ते १९६४ मधल्या, त्यातही आडनाव 'हबर्ड, जेम्स ई.' च्या पुढे येणाऱ्या. १९७१ मधे आर्मीतून सुटलेल्या माणसाची फाइल त्या आगीत सापडली नाही. दुसऱ्या महायुद्धातला ॲलम्नस असता तर गोष्ट वेगळी, तेव्हा मग पगाराची शेवटची व्हाउचर्स, तुकडीचे रोजचे मॉर्निंग रिपोर्ट्स असं तुकड्या-तुकड्यांनी जुळवावं लागतं, आणि ते जुळतंही बऱ्यापैकी.

फाइल आली की काय बघायचं ते सांगते, कारण पहिल्यांदा ती हातात घेतली की आकड्यांचं आणि संक्षेपांचं रानच वाटतं. अधिकारी होते म्हणजे डीए फॉर्म ६६ शोध (साध्या सैनिकाचा असता तर डीए फॉर्म २०, त्यात ३८ नंबरचा रकाना नेमणुकांचा). ओळीने तारखा आणि तुकड्या लिहिलेल्या असतात, कधी टाइप केलेल्या, कधी पेनाने. १९६९-७० च्या ओळींवर बोट ठेव आणि 'एसओए' ही अक्षरं दिसतात का बघ, म्हणजे स्पेशल ऑपरेशन्स ऑग्मेंटेशन, आणि पुढे कंसात 'सीसीएन', 'सीसीसी' किंवा 'सीसीएस'. ही कमांड अँड कंट्रोल नॉर्थ, सेंट्रल आणि साउथ, सॉगचे तीन तळ, अनुक्रमे दा नांग, कोंतुम आणि बान मे थुओत. १९७१ च्या वसंतानंतर हेच तळ 'टास्क फोर्स १, २, ३ ॲडव्हायझरी एलिमेंट' या नावाने येतात. ही ओळ सापडली की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, मग अंत्यविधीला कोण काय बोललं याच्यावर काही अवलंबून राहत नाही. एवढ्या एका ओळीने घरच्यांचे चेहरे बदललेले मी पाहिलेत, कारण पन्नास वर्षं बाबा जे "काही नाही गं, तिकडे ऑफिसचं काम होतं" म्हणायचे त्याचा खुलासा त्या कंसातल्या तीन अक्षरांत असतो.

आणि ही ओळ असेल तर आणखी एक गोष्ट आपोआप येते. सॉगला युनिट म्हणून प्रेसिडेन्शियल युनिट सायटेशन, म्हणजे अख्ख्या तुकडीला दिला जाणारा राष्ट्राध्यक्षांचा सन्मान, मिळाला, ४ एप्रिल २००१ ला फोर्ट ब्रॅगला समारंभ झाला. म्हणजे युद्ध संपून पंचवीसहून जास्त वर्षांनी सरकारने उघडपणे मान्य केलं. तुमचे ॲलम्नस त्या काळात तिथे नेमलेले होते हे दिसलं की तो मान त्यांचाही आहे. बऱ्याच जणांच्या डीडी-२१४ वर तो कधी चढलाच नाही कारण ते १९७० च्या आसपासच सुटलेले. घरच्यांना हवं असेल तर डीडी फॉर्म १४९ भरून दुरुस्ती मागता येते आणि दुरुस्ती झाली की डीडी-२१५ येतो. वेळ लागतो, पण मला विचारशील तर पाटीपेक्षा हे मोठं आहे, कारण सरकारच्या नोंदीत कायमचं बसतं. चॅप्टरने मुलीला हा फॉर्म भरायला मदत केली तर तोही सन्मानच झाला.

आता सिल्व्हर स्टार. इथे मी कडक आहे. पदक कुणाच्या आठवणीवर पाटीवर जाऊ नये. सिल्व्हर स्टारला जनरल ऑर्डर्सचा क्रमांक असतो, तारीख असते, मानपत्र असतं. फाइलमधे ते असेल, नाहीतर घरात कुठल्यातरी निळ्या फोल्डरमधे. साथीदार खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही, पण पन्नास वर्षांनी ब्राँझ स्टारचा (खालच्या पदकाचा) सिल्व्हर स्टार होतो, शिफारस झाली होती याचं "मिळालं होतं" होतं, मित्राचं शौर्य दुसऱ्या मित्राच्या नावावर चढतं, आणि हे सगळं प्रेमापोटी होतं. एका चॅप्टरमधे पाटी लागल्यावर फाइल आली आणि पदक वेगळंच निघालं, पाटी उतरवावी लागली, आणि त्या बिचाऱ्या बाईंना वाटलं की आपल्या नवऱ्याला लबाड ठरवलं. नवऱ्याने तर आयुष्यात कधी काही दावा केलाच नव्हता. ज्याने तोंडातून शब्द काढला नाही त्याच्या नावावर आपण न कमावलेलं पदक लावायचं, याच्यासारखा अन्याय नाही. कायद्याचंही सांगते म्हणजे बोर्ड उगीच घाबरणार नाही: २०१३ चा स्टोलन व्हॅलर कायदा पदकाच्या खोट्या दाव्यावर पैसे किंवा फायदा उकळणाऱ्यांसाठी आहे, आधीचा २००५ चा व्यापक कायदा सुप्रीम कोर्टाने २०१२ मधे रद्द केला. तुमच्यासारख्यांनी चुकीची पाटी लावली म्हणून कुणी पकडणार नाही. पण म्हणून चालवून घ्यावं असं होत नाही.

मानपत्र सापडलं तरी त्यात लाओस शोधू नकोस. त्या काळच्या मानपत्रांत जागेचं नाव टाळलेलं असतं. सार्जंट गॅरी रोझ यांचं उदाहरण बघ. सप्टेंबर १९७० मधे ऑपरेशन टेलविंडमधे, लाओसमधे, ११ ते १४ तारखेपर्यंत स्वतः जखमी असताना ते जखमींवर उपचार करत राहिले. तेव्हा त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळाला, आणि मेडल ऑफ ऑनर मिळालं २३ ऑक्टोबर २०१७ ला. त्या २०१७ च्या मानपत्रातसुद्धा "शत्रूच्या ताब्यातल्या प्रदेशात खोलवर" असंच आहे. आणि तुकडीचं नाव काय आहे माहितीये? स्पेशल ऑपरेशन्स ऑग्मेंटेशन, कमांड अँड कंट्रोल सेंट्रल, ५ वा स्पेशल फोर्सेस ग्रुप. तुला जी ओळ शोधायला सांगितली तीच. टेलविंडचीच आणखी एक गोष्ट तुझ्या बोर्डाने लक्षात ठेवावी: १९९८ मधे सीएनएन आणि टाइमने याच मोहिमेवर सनसनाटी बातमी दिली की तिथे सरीन वायू वापरला, आणि महिन्याभरात ती मागे घ्यावी लागली. गुप्त मोहिमेबद्दल कुणाची आठवण हाच एकमेव आधार असला की असं होतं, आणि तिकडे तर व्यावसायिक पत्रकार होते.

साथीदाराची साक्ष टाकून द्यायची असं मात्र नाही हं. त्यांना फोन कर, शांतपणे दोन तास दे, रेकॉर्ड करायची परवानगी माग. ते स्वतः कुठल्या तळावर होते, कुठल्या महिन्यांत, तुमच्या ॲलम्नसना पहिल्यांदा कुठे भेटले, हे विचार. मोठे प्रसंग नको विचारूस, छोटे विचार, मेसमधे काय मिळायचं, खोलीत कोण होतं. मग तारखा फाइलशी लावून बघ. सॉगवाल्यांची स्पेशल ऑपरेशन्स असोसिएशन आहे, ते लोक सभासद घेताना तपासून घेतात, तिथे विचारलं तर कुणीतरी ओळखणारा निघण्याची शक्यता चांगली आहे. पण उशीर नको करूस, सगळी मंडळी आता सत्तरीच्या पुढची आहेत.

सीआयएचं काय? ते पाटीवरून काढून टाक, सरळ. मुलीकडे एजन्सीचं पत्र किंवा पेन्शनचा कागद असेल तर गोष्ट वेगळी. एजन्सीला विचारलंस तर बहुतेक "होय म्हणत नाही, नाही म्हणत नाही" असं छापील उत्तर येईल, त्याला ग्लोमार उत्तर म्हणतात, बुडालेली सोव्हिएत पाणबुडी गुपचूप उचलायला पाठवलेल्या ग्लोमार एक्सप्लोरर जहाजाबद्दल सत्तरच्या दशकात पत्रकारांनी विचारलं तेव्हापासून. त्या उत्तरातून काहीही अर्थ काढू नये, लोक काढतात की "नाही म्हटलं नाही म्हणजे होतेच". असं नसतं. आणि लँगलीला, सीआयएच्या मुख्यालयात, त्यांच्या स्वतःच्या स्मारकभिंतीवरही तारेच आहेत, खालच्या पुस्तकात काही ताऱ्यांपुढे नाव नाही, जागा कोरी आहे. ज्यांची माणसं त्यांनीच जागा कोरी सोडली, तर आपण अंदाजाने भरायची काही गरज नाही.

हे सगळं आर्मी, व्हिएतनाम आणि सॉग याला धरून झालं. दुसऱ्या चॅप्टरवाल्यांनी हे वाचलं तर त्यांचं वेगळं असू शकतं. दुसऱ्या महायुद्धातल्या ओएसएस या अमेरिकन गुप्तहेर संस्थेच्या साधारण २४,००० जणांच्या फाइली २००८ मधे खुल्या झाल्या, मेरिलंडमधे कॉलेज पार्कच्या नॅशनल आर्काइव्जमधे आहेत, कुणीही बघू शकतं. त्यात आसाममधल्या नाझिऱ्याहून ब्रह्मदेशात काम करणारी डिटॅचमेंट १०१ पण आली. (त्या आघाडीवरच्या अमेरिकनांच्या कागदांत आपल्याकडची गावंही सापडतात, मेरिल्स मरॉडर्स ३१ ऑक्टोबर १९४३ ला मुंबईत उतरले आणि आधी देवळालीच्या छावणीत ठेवले गेले. ते काही गुप्तहेर नव्हते, पण देवळाली वाचलं की माझा हात थांबतोच.) फुगवलेले रणगाडे आणि लाउडस्पीकर घेऊन जर्मनांना फसवणाऱ्या घोस्ट आर्मीच्या नोंदी १९९६ मधे मोकळ्या झाल्या आणि काँग्रेशनल गोल्ड मेडल २०२४ मधे दिलं गेलं, तोवर त्या सुमारे ११०० जणांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. एअर फोर्सचा माणूस असेल तर आणखी अवघड, कारण काहींना कागदोपत्री सैन्यातून काढून खाजगी कंपनीचे नोकर दाखवलेलं. रिचर्ड एचबर्गर असेच, लॉकहीडचे कर्मचारी म्हणून लाओसमधल्या लिमा साइट ८५ या डोंगरावरच्या रडार केंद्रावर होते, ११ मार्च १९६८ ला तीन जखमींना हेलिकॉप्टरमधे चढवून मग स्वतः चढले आणि खालून आलेल्या गोळीने गेले. एअर फोर्स क्रॉस दिला तो गुप्तपणे, बायकोला खरं माहीत होतं, मुलांना कित्येक वर्षं नाही, आणि मेडल ऑफ ऑनर आलं २१ सप्टेंबर २०१० ला. अशा माणसाचा डीडी-२१४ बघून काय कळणार होतं कुणाला.

घरच्यांबद्दल थोडं, आणि हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. मुलीला हे हवंय का, हे विचारलंय का तुम्ही? तुझ्या पोस्टमधे बोर्डाला काय हवं ते सगळं आहे, तिचं काही नाही. ते पन्नास वर्षं गप्प राहिले ते फक्त सहीमुळे नसेलही. काही जणांना तो विषयच घरात नको असतो, तिकडे जे पाहिलं, जी माणसं मागे राहिली, त्यामुळे. पूर्ण फाइल म्हणजे दवाखान्याचे कागद, वरिष्ठांचे शेरे, सगळंच येतं. म्हणून फाइल आधी तिच्याकडे जाऊ दे, तिने एकटीने वाचू दे, आणि तिला जे द्यावंसं वाटेल तेवढंच चॅप्टरकडे येऊ दे. तिने नको म्हटलं तर पाटीवर "अमेरिकन सैन्य, व्हिएतनाम" एवढंच लिहा आणि तिथे थांबा.

घरात कागदांची पेटी सापडली आणि एखाद्यावर 'सीक्रेट' शिक्का असेल तर फोटो काढून ग्रुपवर टाकू नकोस. बहुतेक आता खुले झालेले असतात, तसं असेल तर जुन्या शिक्क्यावर काट मारून खाली नोंद असते. नोंद नसेल तर नॅशनल आर्काइव्जला विचारून मग पुढचं. आणि आर्मीने १ जुलै १९६९ पासून सर्व्हिस नंबरऐवजी सोशल सिक्युरिटी नंबर वापरायला सुरुवात केली, त्यामुळे १९७० च्या कागदांवर तो ठिकठिकाणी असतो, हाउसमधे फ्रेम लावण्याआधी झाका.

पाटीचा मजकूर मी साधारण असा करेन: नाव, बॅच १९६७, फर्स्ट लेफ्टनंट, युनायटेड स्टेट्स आर्मी, मग फाइलमधे ओळ सापडली तर "५ वा स्पेशल फोर्सेस ग्रुप, स्टडीज अँड ऑब्झर्व्हेशन्स ग्रुप, व्हिएतनाम १९६९-७०", फाइलमधे असतील तेवढीच पदकं, आणि खाली "या कामाबद्दल ते बोलले नाहीत. अमुक इतकी वर्षं त्यांनी गणित शिकवलं." 'हीरो', 'लेजंड', 'शत्रूच्या गोटात' हे शब्द नकोत, गरजच नाही. गणिताची ओळ मात्र काढू देऊ नकोस कुणाला, हाउसमधल्या मुलांना ते तसेच माहीत होते. आणि जमलं तर त्यांच्याबरोबर लढलेल्या मोंतान्यार्ड लोकांचा उल्लेख कर, पाटीवर नाही तर भाषणात. टोळीत जास्त माणसं त्यांची होती आणि मेलीही जास्त त्यांचीच, युद्धानंतर मागे राहिलेल्यांचे फार हाल झाले. नॉर्थ कॅरोलायनात त्यांची मोठी वस्ती आहे. सॉगमधला कुठलाही म्हातारा समोर बसला असेल तर या एका वाक्याने त्याला कळेल की तुम्ही मनापासून अभ्यास केलाय.

समारंभाचं फार अवघड नाही. कॅम्पसवरच्या आरओटीसीला विचार, ते स्वतः त्याच आरओटीसीचे, कलर गार्ड (झेंडा घेऊन येणारी तुकडी) आनंदाने देतील. जवळच्या अमेरिकन लीजनच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या संघटनेच्या, पोस्टला सांग. चॅप्टर इटर्नलचा (दिवंगत सभासदाला निरोप देण्याचा) विधी करणार असाल तर तो आधी, आतल्या आत, फक्त सभासदांमधे उरका, आणि घरचे येतील तेव्हा सगळं खुलं ठेवा. मुलीला दाराबाहेर थांबवून आत वडिलांचं नाव घेताय असं होता कामा नये. १९६७ च्या कंपोझिटमधला (सगळ्या सभासदांच्या फोटोंच्या चौकटीतला) त्यांचा फोटो मोठा करून तिला द्या, तिच्याकडे बहुतेक तो नसेल. स्कॉलरशिपचे पैसे मात्र चॅप्टरच्या खात्यात घेऊ नका: चॅप्टर साधारणपणे ५०१(सी)(७) म्हणजे सोशल क्लब असतो, तिथे दिलेल्या पैशावर देणगीदाराला करात सूट नाही. फ्रॅटर्निटीच्या राष्ट्रीय संघटनेचं एज्युकेशनल फाउंडेशन ५०१(सी)(३), म्हणजे धर्मादाय संस्था, असेल तर त्यांच्यामार्फत करा, ते नियम सांगतील.

आता ऑक्टोबरचं. सेंट लुइसहून उत्तर कधी येईल याची खात्री देता येत नाही, कधी काही आठवड्यांत, कधी बरेच महिने. तेव्हा तारखेसाठी पितळ घाईत कोरू नका. होमकमिंगला कार्यक्रम करा, माणसाबद्दल बोला, साथीदाराला आणा आणि त्यांना जे आठवतं ते त्यांच्या तोंडून ऐका, "हे त्यांनी सांगितलं" एवढं म्हणून, स्कॉलरशिप जाहीर करा. पाटी फाइल आल्यावर. या आठवड्यात दोन कामं कर: मुलीला फोन, आणि तिला चालणार असेल तर फॉर्म १८०. फाइल आल्यावर डीए ६६ मधले संक्षेप लागले नाहीत तर सोशल सिक्युरिटी नंबर झाकून इथेच टाक, मी बघते.